तारीख नसलेली साक्ष

आमच्या मंडळीत साक्ष सांगायची एक ठरून गेलेली चाल आहे. आधी अंधार, मग एक रात्र, मग उजेड. "अमुक साली, अमुक संजीवन सभेत, उपदेश ऐकता ऐकता मी उभी राहिले आणि प्रभूला जीवन दिलं." तारीख आली की मागच्या बाकांवरून "हालेलूया" येतो. तारीख आली नाही की बायका जरा चुळबुळतात, आणि सभा संपल्यावर चहाच्या वेळी एखादी अगदी मायेने विचारते, "ताई, पण तुमचा नवा जन्म नक्की कधी झाला?"

हा प्रश्न मला बरेचदा विचारला गेलाय आणि माझ्याकडे उत्तर नाही. मी जन्माने ख्रिस्ती. बाप्तिस्मा आईच्या मांडीवर असतानाच झालेला, शाळेत असताना दृढीकरण (लहानपणीच्या बाप्तिस्म्याची मोठेपणी स्वतः दिलेली कबुली), मग मिरजेला नर्सिंग, मग निवृत्त होईपर्यंत पुण्यात वॉर्ड आणि रात्रपाळ्या. यात कुठेही वीज कडाडलेली नाही. संडेस्कूलमध्ये पाठ केलेली वचनं कधी नुसती पाठ होती आणि कधी अंगात भिनली, ते मला सांगता येत नाही. नवीकरण माझ्यातही झालंय असं मी मानते. पावती तेवढी नाही.

म्हणून मी गेली काही वर्षं पंडिता रमाबाईंना धरून बसले आहे. बहुतेक मराठी वाचकांना त्या ठाऊक असतात त्या कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेल्या, विधवा मुलींसाठी शारदा सदन ही निवासी शाळा काढणाऱ्या, पुण्यात वाद ओढवून घेणाऱ्या. आमच्याकडे त्या केडगावच्या, निराधार बायका-मुलींना आसरा देणाऱ्या मुक्ती मिशनच्या. (दौंडच्या वाटेवरचं केडगाव. नगरजवळचं केडगाव वेगळं. कुणाला घेऊन जायचं ठरवलं की हे आधी सांगावं लागतं.)

आता रमाबाईंकडे तारीख आहे. अगदी चोख आहे. २९ सप्टेंबर १८८३, इंग्लंडमधलं वाँटेज गाव. तिथल्या भगिनीसंघाकडे त्या राहत होत्या आणि छोट्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि तरीही १९०७ साली छापलेल्या आपल्या साक्षीत त्या जे लिहितात, त्याचा मथितार्थ असा : बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी माझ्या ध्यानात आलं, की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, आणि तो मला पुरेसा चांगलाही वाटत होता, पण त्या धर्माचा जो प्राण, तो ख्रिस्त मला सापडलाच नव्हता.

आठ वर्षं! हे वाक्य आमच्या व्यासपीठावरून वाचलेलं मी तरी ऐकलेलं नाही. रमाबाई जयंतीला त्यांचं पांडित्य सांगतात, दुष्काळातल्या मुली सांगतात, ही आठ वर्षं गाळतात. खरं तर मला सगळ्यात जास्त रस त्यातच आहे.

त्या बाप्तिस्म्यापर्यंत पोचल्या त्यामागे लंडनमधलं फुलहॅम होतं. तिथे या भगिनींचं एक घर होतं. समाजाने 'पतित' म्हणून बाहेर काढलेल्या बायकांना तिथे सांभाळत. रमाबाईंनी असं काही कधी पाहिलं नव्हतं. वडील, अनंतशास्त्री डोंगरे, बायको-मुलीला संस्कृत शिकवणारा धाडसी माणूस. सगळं कुटुंब तीर्थांवरून तीर्थांकडे पुराण सांगत हिंडलेलं. दुष्काळात आई, वडील, बहीण डोळ्यांदेखत गेले, पुढे भाऊही गेला. इतके देव, इतकी क्षेत्रं पाहिलेल्या बाईने विचारलं, की तुम्ही या बायकांची एवढी काळजी का घेता? तेव्हा एका भगिनीने तिला योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. भर दुपारी विहिरीवर आलेली, पाच नवरे झालेली ती बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. भारतातल्या पिचलेल्या बायकांना उभं करील तर हाच, असं रमाबाईंना तिथे वाटलं.

आणि मग बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी काय केलं? भांडल्या! सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्या दोघींचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे आणि तो वाचताना मला वॉर्डातल्या कडक मेट्रन आणि हुशार स्टुडंट आठवतात. रमाबाई मांस खाणार नाहीत, अंडं घातलेलं पुडिंग खाणार नाहीत. जेराल्डीनबाईंना त्यात जातीचा अहंकार दिसे. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, हा एक वाद. त्रैक्याच्या सिद्धान्तावर (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) वाद. चेल्टनहॅमच्या कॉलेजात पुरुषांना शिकवायची गोष्ट निघाली तर बिशपांनी नको म्हटलं, त्यावर रमाबाईंचा संताप. ख्रिस्ताच्या मंडळीची मी सभासद आहे, पण पाद्री किंवा बिशप म्हणतील तो प्रत्येक शब्द मान्य करायला मी बांधलेली नाही, अशा अर्थाचं त्यांनी सरळ लिहून टाकलं. हे सगळं करताना त्या परक्या देशात एकट्या, विधवा, कडेवर मूल आणि कानांनी दिवसेंदिवस कमी ऐकू येणाऱ्या. डॉक्टर व्हायचं स्वप्न त्या कानांपायीच गेलं.

पुढे अमेरिका, मग परत येऊन ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन, मग ते पुण्याला. म्हणजे त्या आठ वर्षांत एका जन्मात पुरे होईल एवढं काम झालेलं. लोकांच्या लेखी त्या 'मोठ्या ख्रिस्ती कार्यकर्त्या' होत्या. त्यांच्या स्वतःच्या लेखी आत काहीतरी रिकामं होतं.

हे भांडण, हे वाचन, हे काम आत्मिक जडणघडणीत धरायचं की नाही? मी धरते. आमच्यातले बरेच जण धरत नाहीत. त्यांच्या मते ती नुसती वाट पाहण्याची वर्षं होती, खरी गोष्ट १८९१ ला सुरू झाली. मला वाटतं, देवाने त्या बाईच्या प्रत्येक 'का?'ला बसून उत्तर दिलं, आणि त्याला तेवढा वेळ लागला.

आता १८९१. एका इंग्लिश पाळकाचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. त्या पाळकाचा पालट झाला तो स्वतःच्याच व्यासपीठावर, स्वतःचाच उपदेश चालू असताना! (आमच्या पाळकसाहेबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे अजून आशा आहे.") ते वाचून रमाबाई स्वतःला तपासू लागल्या. आपण ख्रिस्ताचा धर्म घेतलाय. पण आपल्याला हवाय तो ख्रिस्त. आणि मग पवित्र शास्त्र वाचताना त्यांना उमगलं, की देव ख्रिस्तात देतो ते तारण पुढे कधीतरी मिळायचं नसून आत्ताचं आहे. त्या लिहितात, की मी विश्वास ठेवला, मला ते मिळालं, आणि मी आनंदाने भरून गेले.

इथे रमाबाई माझ्या हातून निसटतात. मला त्या माझ्या बाजूने हव्या होत्या, तारीख नसलेल्यांच्या बाजूने. आणि त्या तर सांगतात की एक क्षण होता, आनंद होता, 'आत्ता' होतं. मी ते वाक्य खोडून टाकू शकत नाही. तीर्थयात्रा, उपास, व्रतं यांचं पुण्य साठवत साठवत ज्यांचं अख्खं घर उपाशी मेलं, त्यांना 'आत्ता' हा शब्द काय वाटला असेल, हे मी घरबसल्या ठरवणारी कोण?

त्या आनंदाची किंमतही त्यांना मोजावी लागली. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असा शब्द होता. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, पण दार उघडं असे, आणि मुली येऊन बसत. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. आमच्याकडे ही गोष्ट छळाची म्हणून सांगतात. मला रानड्यांचीही बाजू कळते. विधवा मुलीला शिक्षणासाठी पाठवणं हेच तेव्हा केवढं धाडस. त्यात ती ख्रिस्ती होईल ही भीती. पण रमाबाईंनी दार लावून घ्यायला हवं होतं असंही मला म्हणवत नाही.

माझ्या स्वतःच्या बाबतीत सांगायचं तर माझी जाऊ. गावच्या घराच्या वाटणीवरून आमचं बिनसलं. कोण बरोबर, कोण चूक, ते आता राहू दे. आम्ही दोघी एकाच मंडळीत, तीन बाकं सोडून. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. त्याआधी पाळकसाहेब सांगतात, शेजाऱ्याशी प्रीतीने राहणाऱ्यांनी पुढे या. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तर येशू स्पष्टच म्हणतो, वेदीजवळ आलीस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे वचन ऐकताना तीन बाकांचं अंतर फार कमी वाटतं.

मी समेट करायला गेले नाही, तीही आली नाही. आमच्या पाळकीणबाईंनी मला एकच सुचवलं, की रोज रात्री तिचं नाव घेऊन प्रार्थना करा. काय मागू? म्हणे, "भलं मागा." पहिल्या रात्री 'भलं' या शब्दाला जीभच वळेना. नंतर वळू लागली, पण दातओठ खाऊनच. स्तोत्र ५१ मध्ये दावीद म्हणतो, "हे देवा, माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर." ईस्टरआधीच्या लेंटच्या दिवसांत आम्ही ते मोठ्याने म्हणतो, आणि मी ते म्हणताना तिरक्या नजरेने तिसऱ्या बाकाकडे बघत असे.

वॉर्डात नव्या मुलींना शिकवताना मी सांगायचे : खोल जखम वरून पटकन मिटली तर खूश होऊ नका, आत पू राहिलेला असतो. ती तळापासून भरून यायला हवी. म्हणून रोज गॉज भरायचं, रोज काढायचं, पेशंट ओरडला तरी. भरून येताना ती रोज बघितली तर काही फरक दिसत नाही, आणि एक दिवस गॉज आत जायला जागाच उरत नाही.

तसं एका डिसेंबरात झालं. नाताळच्या फराळाचे डबे भरत होते, करंज्या, चकल्या, लाडू. कोणाकोणाला द्यायचे त्याच्या चिठ्ठ्या लावत होते. एक डबा जाऊबाईंच्या नावाचा भरून, चिठ्ठी लावून ठेवलेला होता. मीच लावली होती. कधी ठरवलं, आठवत नाही. आमच्यात समेटाची मोठी बैठक झाली नाही, कुणी रडलं नाही. डबा गेला, रिकामा न येता परत आला. घराच्या वाटणीचं अजूनही तसंच आहे.

पौलाने करिंथकरांना लिहिलंय, की बाहेरचा देह झिजत चालला तरी अंतरात्मा दिवसानुदिवस नवा होत आहे. 'दिवसानुदिवस' हे मला पटतं, कारण बाकीचं अर्धं मी रोज गुडघ्यांत अनुभवते.

मग १९०५ चं काय करायचं? केडगावला त्या वर्षी जे झालं, ते तर दिवसानुदिवस अजिबात नव्हतं. वेल्समध्ये संजीवन, म्हणजे विश्वासाला नव्याने जाग येण्याची लाट, सुरू झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. जानेवारीत रमाबाईंनी रोज सकाळी प्रार्थनेला बसणाऱ्या बायका-मुली जमवल्या, सुरुवातीला सत्तरेक. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या, दिवसातून दोनदा. २९ जूनच्या पहाटे मुलींच्या निजायच्या खोलीत एका मुलीला वाटलं, आपल्यावर अग्नी उतरलाय. शेजारच्या मुलीला तो दिसला आणि ती धावत पाण्याची बादली आणायला गेली! पुढे आठवडेच्या आठवडे रडणं, पापं कबूल करणं, तासन्‌तास मोठ्याने एकत्र प्रार्थना. बाहेरच्या काही जणांना हा सगळा गोंधळ वाटला. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. भारतातल्या मुलींनी आपापल्या पद्धतीने प्रार्थना केली तर तुम्हाला अडचण काय, असा त्यांचा रोख.

मी त्या रात्री तिथे असते तर बादली आणणारी मीच असते, याची मला खात्री आहे. पण त्या मुलींकडे बघा. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून गोळा केलेल्या, पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आलेल्या. कुणाचे आईबाप रस्त्यात मेलेले, कुणाला विकायला काढलेलं. अशा मुलीला वर्षानुवर्षं सावकाश नवं होण्याची सोय कुठून असणार? कधीकधी रडणं एकदम फुटावंच लागतं. मला ते झेपत नाही, म्हणून ते खोटं होत नाही.

१८९६ ची एक गोष्ट मला फार आवडते. लोणावळ्याच्या मेळाव्याला रमाबाई गेल्या तेव्हा ख्रिस्तावर विश्वास ठेवलेल्या पंधरा मुली त्यांच्यासोबत होत्या. त्यांनी प्रार्थनेत मागितलं, की देवा, पुढच्या मेळाव्याआधी या पंधरांचा वर्ग कर. पंधरा पंधरे दोनशे पंचवीस! दुष्काळ पडला आणि तीनशेच्या आसपास मुली आल्या. देवाकडे गणिती हिशेबाने मागणारी बाई. चालायचंच, शास्त्र्याची लेक.

१९०५ नंतरच्या रमाबाई कमी सांगितल्या जातात, कारण तिथे गोष्टीला चढण नाही. कान जवळजवळ गेलेले. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत उतरवायला बसल्या, कारण आधीचं भाषांतर खेड्यातल्या साध्या बायकांना जड जातं असं त्यांचं म्हणणं होतं. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही मुलीच. शेजारी कृपा सदनात फसवल्या गेलेल्या बायका, बार्तीमी सदनात अंध मुली, गोठा, माग, शेत. जुलै १९२१ मध्ये मनोरमा मिरजेच्या इस्पितळात गेली. हा उल्लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा मी त्याच गावात शिकत होते. एकुलती एक लेक, जिच्यावर सगळं सोपवायचं ठरवलेलं. रमाबाई पुन्हा प्रुफांकडे वळल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. छापून पूर्ण बाहेर आलं ते १९२४ ला.

मला विचाराल तर १८८३, १८९१ आणि १९०५ यांतलं काहीही मी त्या शेवटच्या टेबलाशी बदलून घेणार नाही. ज्यांना अग्नीची रात्र हवी त्यांनी ती घ्यावी. मला लेक गेल्यावर कोशात शब्द शोधणारी बाई पाहिली की आत्मा नवा होणं म्हणजे काय ते थोडंफार कळतं. अर्थात ती त्या टेबलाशी बसू शकली ती १८९१ च्या आनंदामुळे, असं कुणी म्हटलं तर माझ्याकडे तोडगा नाही.

सध्या मी दृढीकरणाच्या वर्गाला शिकवते. ईस्टरच्या आधीचे रविवार, आठ-दहा पोरं, निम्म्यांचं लक्ष मोबाईलमध्ये. गेल्या रविवारी त्यांना योहानाचा चौथा अध्याय दिला, फुलहॅमला वाचला तोच. म्हटलं, या बाईचं मन नेमकं कुठल्या वचनाशी पालटलं तिथे पेन्सिलने खूण करा. एकाने पंधराव्या वचनावर केली : "ते पाणी मला द्या." दोघांनी एकोणिसाव्यावर, ती येशूला संदेष्टा म्हणते तिथे. बऱ्याच जणांनी अठ्ठाविसाव्यावर, कारण ती घागर तिथेच टाकून गावात पळते. आणि एका मुलीने खूणच केली नव्हती. म्हणाली, "मिस, एकोणतीस वाचा ना. ती गावात जाऊन विचारते, तो ख्रिस्त असेल काय? म्हणजे तिचं अजून ठरलंच नाहीये. तरी सांगायला गेली."

घागरवाले चिडले. ठरलं नसतं तर घागर कोण टाकेल? त्यावर ती म्हणाली, "पण घागर न्यायला परत आलीच असेल ना." मग दुपारी एकटी पाण्याला येणाऱ्या बाईकडे अजून एक घागर असेल का, यावर भांडण झालं, आणि मी ते मिटवायला गेले नाही.

पुढच्या रविवारी योहानातलाच निकदेम. तिसऱ्या अध्यायात तो रात्री येतो, नव्या जन्माचं सगळं ऐकतो आणि काही न बोलता गोष्टीतून नाहीसा होतो. सातव्यात सभेत एक वाक्य बोलतो. एकोणिसाव्यात, येशू मेल्यावर, गंधरस आणि अगरू यांचं शंभरेक शेर मिश्रण घेऊन येतो. त्यालाही पेन्सिल लावायची आहे. पोरं आत्तापासून कुरकुरतायत, की मिस, एका माणसासाठी तीन अध्याय?